डोपिंग की सेन्सिटायझेशन: प्रकाश नेमका कोण शोषतो?

मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याच्या निळ्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडची (प्रकाशाच्या मदतीने प्रदूषके मोडणाऱ्या उत्प्रेरकाची) पांढरीशुभ्र पूड ढवळून, अतिनील किरण गाळून घेतलेला केवळ दृश्य प्रकाश त्यावर सोडला, तरी निळा रंग हळूहळू फिकट होत जातो. नायट्रोजनचे डोपिंग केलेली, म्हणजे मुद्दाम थोडा नायट्रोजन मिसळलेली पिवळसर पूड घेतली तरीही डोळ्यांना तेच दिसते. मात्र या दोन्ही ठिकाणी प्रकाश शोषणारा घटक एकच असेल, असे नाही.

अॅनाटेज या स्फटिकरूपातील शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइडचा बँडगॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन मोकळा होण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो. त्यामुळे ३८८ नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश त्याच्या उपयोगाचा नसतो, आणि सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. ऑक्सिजनच्या काही जागा नायट्रोजनने घेतल्या की बँडगॅपमध्ये नव्या ऊर्जापातळ्या तयार होतात आणि पूड स्वतःच सुमारे ५०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषू लागते. हे डोपिंग.

सेन्सिटायझेशनमध्ये पुडीने प्रकाश शोषण्याची गरजच नसते. मिथिलीन ब्लूचा रेणू ६६४ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषून उत्तेजित होतो आणि आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देतो. तो इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनकडे जातो, तर इलेक्ट्रॉन गमावलेला रंगाचा रेणू मोडू लागतो. म्हणजे प्रदूषकच येथे दिव्याचे काम करतो, आणि रंग उडाला की प्रकाश शोषणारेच कोणी उरत नाही. रंगहीन, पण अपायकारक असू शकणारे तुकडे पाण्यात तसेच राहू शकतात. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधून निघणाऱ्या सांडपाण्याच्या दृष्टीने हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पाणी नितळ दिसणे आणि पाणी शुद्ध होणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

डोप केलेल्या पुडीवरही सेन्सिटायझेशन घडतच असते. म्हणून केवळ मिथिलीन ब्लू फिका पडल्यावरून डोपिंग यशस्वी ठरवणे मला मान्य नाही. नायट्रोजन-डोपिंगवरील २००१ च्या गाजलेल्या जपानी संशोधनात मिथिलीन ब्लूच्या जोडीला अॅसिटाल्डिहाइड हा रंगहीन वायूही तपासला होता, तो याच दृष्टीने मोलाचा. रंगहीन पदार्थ दृश्य प्रकाश शोषत नाही. तरीही त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघत असेल, तर प्रकाश पुडीनेच शोषला, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. रंगीत द्रावणच वापरायचे असेल, तर निरनिराळ्या तरंगलांबींवर विघटनाचा वेग मोजावा: तो ६६४ नॅनोमीटरजवळ वाढला, तर काम रंगद्रव्याचे आहे.