विंचूरला वाईन आली कुठून?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं विंचूर म्हटलं की पहिला आठवतो कांदा. लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार इथंच आहे, सीझनला ट्रॅक्टरांची जी रांग लागते ती बघून इथं वाईनचा काय संबंध असंच कुणालाही वाटेल. इतिहासवाल्यांना सरदार विंचूरकर आठवतील, म्हणजे पानिपतातून जिवंत परत आलेले विठ्ठल शिवदेव, त्यांच्या जहागिरीचं हे गाव. वाईन फार नंतरची, आणि ती बागेतून नाही तर मंत्रालयातून आली.

द्राक्ष मात्र जुनं. निफाड तालुक्याला कॅलिफोर्निया म्हणतात ते उगाच नाही, पण सगळा खायचा माल, थॉमसन, सोनाका वगैरे. एप्रिलात काडी तयार करायला खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, मग घडातले जादा मणी काढायची विरळणी, मणी फुगावेत म्हणून जीएचं (जिबरेलिक अ‍ॅसिडचं) डिपिंग, म्हणजे घड त्यात बुडवणं, डावणी-भुरी या बुरशीरोगांच्या फवारण्या, आणि डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा ५ अंशांच्या खाली घसरला की रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून ठिबक चालू ठेवून जागायचं, कारण पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागून मऊ झालेल्या मण्यांना तडे गेले की वर्षाची मेहनत मातीत.

वाईनची द्राक्षं वेगळीच. बारीक मणी, जाड साल, आत बी. शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लाँ असली नावं. राज्यात हा धंदा ८० च्या दशकात नारायणगावला इंडेज कंपनीनं सुरू केला, नंतर गंगापूर धरणाजवळ राजीव सामंतांनी वेली लावल्या आणि २००० साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आली. ते बघून २००१ मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, इथल्या द्राक्षाच्या वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं आणि दोन वाईन पार्क काढले, एक सांगलीत पलूसला, दुसरं आपलं विंचूर. एमआयडीसीचे प्लॉट पडले, बागायतदारांनीही कर्ज काढून स्टीलच्या टाक्या बसवल्या. डोकं लावलं तर गणित बरोबर होतं, डिपिंग नाही, विरळणीची मजुरी वाचली, कंपनीशी करार, भाव आधीच ठरलेला.

पण एक गोष्ट कुणी नीट सांगितली नाही. थॉमसनचा भाव पडला तर बेदाणा करता येतो, नाहीतर व्यापारी मिळेल त्या भावात उचलतो तरी. शिराझ घेऊन जाणार कुठं? हातगाडीवर ती कोण खाणार, बी दाताखाली येतं! गिऱ्हाईक एकच, वायनरी, म्हणजे वाईनचा कारखाना. २००८ ला मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस पडली आणि हॉटेलं म्हणजेच वाईनचा मोठा खप. टाक्या भरलेल्या असताना नवीन माल कोण घेणार, पुढं इंडेजही बुडाली, छोट्या वायनऱ्या हप्त्यात अडकल्या. बऱ्याच जणांनी शिराझ छाटून टाकली, खाली मुळांचा खुंट तोच डॉगरिज जातीचा, वर परत थॉमसनच्या काडीचं कलम भरलं. माझ्या मते चूक शेतकऱ्याची नव्हती, पिण्याचं मार्केट तयार व्हायच्या आधीच कारखाने उभे केले.

सगळं संपलं असंही नाही. नाशिक व्हॅली वाईनला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, विंचुरात आजही वाईन बनते. आणि जानेवारी २०२२ मध्ये १००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, शेतकऱ्याच्या फायद्याचा म्हणून, त्यावर अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, जूनमध्ये तो निर्णय घेणारं महाविकास आघाडी सरकारच गेलं, आणि निर्णय राहिला कागदावर.