परदेशी डोमेन घेण्याआधी: इथे सातबारा आपल्या नावावर होत नाही

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डोमेन म्हणजे वेबसाइटचे नाव. पूर्वी आमच्याकडे येणारे लोक विचारायचे, "दुकानाची वेबसाइट करायची आहे, कोणते नाव घेऊ?" आता निम्म्या लोकांना नाव घेऊन ठेवून पुढे चढ्या भावाने विकायचे असते, ते वेगळेच विचारतात. "डॉट एआयमध्ये पैसे टाकावेत का?" "भाऊ जर्मनीत आहे, त्याच्या नावावर डॉट डीईची पाच-सहा नावे घेऊन ठेवू का?" कुणी निवृत्तीच्या पैशातून घेऊ म्हणतो, कुणी मुलाच्या पहिल्या पगारातून. नोंदणी करून दिली की आमची फी सुटते, पण नाव तीन वर्षांनी हातातून गेले की तोच माणूस आमच्यासमोर बसलेला असतो. म्हणून नोंदणीचा फॉर्म भरण्याआधी हे पत्रक वाचा.

प्रत्येक देशाला इंटरनेटवर दोन अक्षरांचे शेपूट मिळालेले असते. भारताचे डॉट इन, जर्मनीचे डॉट डीई, अमिरातीचे डॉट एई. ही अक्षरे बहुतेक करून देशांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीतून येतात. त्या शेपटाचे नियम, दर आणि भांडणे मिटवण्याची पद्धत तो देश किंवा त्याने नेमलेली संस्था ठरवते. डॉट कॉमच्या घाऊक दराला करारातली मर्यादा आहे, देशाच्या शेपटांना तशी नसते. आपण पैसे भरतो तेव्हा जमीन विकत घेत नाही, परक्या गावात भाडेपट्टा करतो. मुदत संपली आणि भाडे भरले नाही तर जागा गेली. गावाने नियम बदलले तर तेही आपल्याला लागू. सातबारा आपल्या नावावर होत नाही, ही एक गोष्ट पक्की धरली तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

गावाचे दार कुणाला उघडे

जर्मनीचे डॉट डीई जगातला कोणीही घेऊ शकतो. ब्रिटनचे डॉट यूके, नेदरलँड्सचे डॉट एनएल, कोलंबियाचे डॉट सीओ आणि अमिरातीचे डॉट एई यांचेही तसेच. देवगडचा हापूस दुबईत विकणाऱ्याने किंवा नाशिकची द्राक्षे रॉटरडॅमला पाठवणाऱ्याने तिथले नाव घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ते नाव धंद्यासाठी आहे, त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो.

काही दारे मात्र बंद आहेत. कॅनडाच्या डॉट सीएसाठी तुम्ही कॅनडाचे नागरिक, कायम रहिवासी, तिथली कंपनी किंवा तिथल्या ट्रेडमार्कचे मालक असायला हवे. अमेरिकेच्या डॉट यूएसला अमेरिकेशी खरा संबंध दाखवावा लागतो, ऑस्ट्रेलियाच्या डॉट एयूला ऑस्ट्रेलियातले अस्तित्व, जपानच्या डॉट जेपीला जपानमधला पत्ता. ठाण्यात बसून ही नावे आपल्या नावावर होणार नाहीत.

इथेच लोक आडवाट शोधतात. "पत्ता भाड्याने देतो, नाव आमच्या नावावर राहील, वापर तुमचा" असे सांगणारे एजंट इंटरनेटवर पुष्कळ आहेत. काही देशांत अशी सेवा नियमात बसते, काहींत बसत नाही. बसत असली तरी कागदावर मालक तो एजंट असतो. हा चटका आम्ही स्वतः खाल्ला आहे. सुरुवातीच्या काळात एका मध्यस्थामार्फत आम्ही एका ग्राहकासाठी परदेशी नाव घेतले. नोंदणी मध्यस्थाच्या नावावर होती आणि ते आम्ही तपासले नव्हते. दोन वर्षांनी त्याने धंदा बंद केला, ईमेलना उत्तर येईना. तिथल्या रजिस्ट्रीकडे, म्हणजे त्या शेपटाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, दाद मागितली तर त्यांनी विचारले, तुम्ही कोण? उत्तर द्यायला आमच्याकडे फक्त पैसे भरल्याची पावती होती. नाव गेले, आणि ग्राहकाचे पैसे आम्ही परत केले. तेव्हापासून नोंदणी झाली की त्याच दिवशी नोंदीचा उतारा काढून ग्राहकाच्या हातात देतो. तुम्ही कुठूनही नाव घ्या, हा उतारा मागाच.

भाऊ, बहीण, मुलगी त्या देशात राहत असेल तर नाव सरळ त्यांच्या नावावर घ्या, आणि पैसे कुणाचे, विक्री झाली तर वाटणी कशी, हे एका कागदावर लिहून ठेवा. घरच्या घरात कशाला लिहायचे, असे वाटते खरे. पण नाव चार लाखांना गेले की आठवणी वेगवेगळ्या निघतात.

देशच बदलला तर?

युगोस्लाव्हिया हा देश संपला तसे त्याचे डॉट वाययू हे शेपूटही २०१० मध्ये कायमचे बंद झाले. सर्बियाला डॉट आरएस मिळाले आणि माँटेनेग्रोला डॉट एमई. नेदरलँड्स अँटिलीसचे डॉट एएन २०१५ मध्ये गेले. उलटा दाखलाही आहे, सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विरघळला, पण त्याचे डॉट एसयू अजून चालते.

आज हा प्रश्न डॉट आयओबद्दल विचारावा लागतो. तंत्रज्ञान कंपन्यांचे हे आवडते शेपूट हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचे, म्हणजे चागोस बेटांचे आहे. ती बेटे मॉरिशसला देण्याची घोषणा ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली आणि मे २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या. उद्या संकेतयादीतून ही दोन अक्षरे काढली गेली, तर शेपूट पाच वर्षांत गुंडाळण्याचा नियम आहे, मुदतवाढ धरून फार तर दहा वर्षे. डॉट आयओ बुडेल असे आम्ही म्हणत नाही. त्यात इतक्या कंपन्यांचा जीव अडकला आहे की काहीतरी वाट निघेल, असा आमचा अंदाज आहे. तरीही "दहा वर्षे धरून ठेवू, मग विकू" या हिशेबाने आज डॉट आयओ घेऊ नका.

देश जागेवर राहूनही नाव जाऊ शकते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ ला ब्रिटिश पत्त्यांवरची सुमारे ८० हजार डॉट ईयू नावे निलंबित झाली. माणसे तीच, भाडे भरलेले, फक्त पात्रता संपली. लिबियाच्या डॉट एलवायवरचे व्हीबी डॉट एलवाय हे नाव २०१० मध्ये तिथल्या रजिस्ट्रीने काढून घेतले. कारण दिले, मजकूर लिबियाच्या कायद्याला धरून नाही. अफगाणिस्तानच्या डॉट एएफवरचे एक समाजमाध्यम संकेतस्थळ फेब्रुवारी २०२४ मध्ये असेच बंद झाले. इंग्रजीत शेपूट छान वाचले जाते म्हणून नाव घेणारे त्या देशाचा कायदा वाचत नाहीत. तो लागू मात्र होतोच.

फुकट मिळणाऱ्या शेपटांपासून लांब राहा. मालीचे डॉट एमएल, गॅबनचे डॉट जीए ही नावे एक परदेशी कंपनी वर्षानुवर्षे फुकट वाटत होती. २०२३ मध्ये दोन्ही देशांनी कारभार परत घेतला आणि एकट्या गॅबनने सत्तर लाखांहून जास्त नावे पुसून टाकली.

डॉट एआयचे काय करायचे

हा प्रश्न रोज येतो. अँग्विला हे कॅरिबियनमधले छोटे ब्रिटिश बेट, लोकसंख्या साधारण पंधरा-सोळा हजार. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ मध्ये या बेटाला डॉट एआयमधून सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले. सरकारच्या एकूण उत्पन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होता. त्यामुळे अँग्विला हे शेपूट नीट सांभाळेल, एवढे नक्की म्हणता येते.

अडचण किमतीची आहे. डॉट एआय कमीत कमी दोन वर्षांसाठी घ्यावे लागते आणि डॉट इनपेक्षा कितीतरी महाग पडते. चांगले छोटे शब्द केव्हाच गेले आहेत. उरलेल्यांतून लोक तीन-तीन शब्द जोडून नावे बनवतात आणि ती आमच्याकडे मूल्यांकनाला आणतात. अशा बहुतेक नावांना गिऱ्हाईक मिळत नाही, हे आम्ही तोंडावर सांगतो. तुमच्या स्वतःच्या कामाला लागणारे एखादे नाव असेल तर जरूर घ्या.

आता हिशेब. समजा शंभर नावे घेतली, प्रत्येकी वर्षाला १,५०० रुपये. दीड लाख झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १,७७,००० रुपये. शंभरातली एक-दोन नावे वर्षात विकली गेली तर बरे चालले, असे या धंद्यात मानतात. दोन विकली असे धरा. मग प्रत्येक नाव निदान ८८,५०० रुपयांना गेले पाहिजे, तेव्हा कुठे त्या वर्षाचे भाडे निघते. विक्रीच्या साइटचे कमिशन आणि डॉलर-रुपयाचा फरक वेगळा. पुढच्या वर्षी उरलेल्या ९८ नावांचे भाडे पुन्हा उभे. यापेक्षा पाच नावे घ्यावीत, पण अशी की प्रत्येकासाठी "हे कोण घेईल?" याचे उत्तर देता यावे. उत्तर "कुणीतरी घेईलच" असे येत असेल तर नाव सोडा. आणखी एक बघायचे: पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर आणि रिन्यूअलचा दर यांत पुष्कळ फरक असतो. काही प्रीमियम, म्हणजे जास्त मागणीच्या, नावांना तर दरवर्षी चढाच दर लागतो. बिल मागताना दुसऱ्या वर्षाचा आकडा मागा.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी

दुबई, लंडन, न्यू जर्सीहून फोन येतात की इकडे बसून डॉट इन घेता येईल का. येईल. २००५ मध्ये डॉट इन खुले झाले तेव्हापासून ते जगातल्या कुणालाही मिळते, आणि आज तीस लाखांहून जास्त नावे नोंदलेली आहेत. कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, बघते. नाव-पत्ता खरा द्या. ओळखीची कागदपत्रे मागितली जातात आणि नाव लपवण्याची सोय डॉट इनला चालत नाही.

शब्दात 'बँक' असलेली नावे मात्र गुंतवणूक म्हणून घेऊ नका. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी बँक डॉट इन हा वेगळा विभाग ठेवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला बँकांना सांगितले. अशा नावाला खरे गिऱ्हाईक उरले नाही, आणि फसवणुकीचा संशय तुमच्यावर येईल तो वेगळाच.

डॉट भारतबद्दल आम्हाला आपुलकी आहे. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत, म्हणजे मराठीतही, पूर्ण पत्ता लिहिता येतो. गावाचे, मंडळाचे, आजीच्या नावाने सुरू केलेल्या मसाल्याच्या धंद्याचे नाव असे जरूर घ्या. पण फेरविक्रीला बाजार फार पातळ आहे, आणि देवनागरी ईमेल पत्ता अजून पुष्कळ फॉर्म स्वीकारत नाहीत. पैसा वाढावा म्हणून घेणार असाल तर आम्ही नको म्हणू.

दुसऱ्याचे नाव

मोठ्या कंपनीचे नाव एखाद्या देशाच्या शेपटात मोकळे दिसले म्हणून घ्यायचे आणि कंपनीकडून पैसे मागायचे, हा बेत घेऊन कुणी आले तर आम्ही काम घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच, सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात, डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते असे स्पष्ट केले. डॉट इनच्या तक्रारींसाठी निक्सीची स्वतःची लवाद पद्धत आहे. तिथे नोंदणी किंवा वापर, दोन्हींपैकी एक जरी वाईट हेतूने केलेले दिसले तरी पुरते. लवाद नाव रद्द करतो किंवा सरळ तक्रारदाराला देतो, आणि तुमचे पैसे गेले ते गेले. आंबा, प्रवास, विमा असे साधे शब्द, गावांची नावे, धंद्याचे वर्णन यांत जोखीम कमी असते.

दोन ईमेल ओळखून ठेवा. एकात "तुमचे नाव मोठ्या किमतीला घेतो, आधी अमुक साइटवरून मूल्यांकनाचा दाखला काढा" असे असते. दाखल्याची फी भरली की गिऱ्हाईक गायब. दुसऱ्यात "चीनमध्ये कुणी तुमच्या कंपनीचे नाव नोंदवत आहे, तुम्हाला पहिला हक्क देतो, लगेच पैसे भरा" अशी घाई असते. दोन्हींना उत्तर देऊ नका. खरे गिऱ्हाईक आले तर पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे सौदा पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या संस्थेकडे, जमा झाल्याची खात्री एस्क्रोच्या साइटवर स्वतः लॉगिन करून करा आणि मगच नाव सोडा. ईमेलमधल्या लिंकवरून ही खात्री करू नका.

विक्रीचा पैसा परदेशातून आला तरी भारतात राहणाऱ्याला इथे कर भरावा लागतो. तुमच्या सीएला खरेदीच्या पावत्यांसकट आधीच सांगून ठेवा.

भेटायला येताना नावांची यादी आणा. प्रत्येक नावापुढे संभाव्य गिऱ्हाईक कोण ते एका ओळीत लिहा. घरातले कुणी त्या देशात राहत असेल तर त्यांच्याकडे नागरिकत्व आहे की व्हिसा, हे विचारून या. पाच वर्षांच्या भाड्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवता येईल, तो आकडाही ठरवून आणा. आधी घेतलेली नावे असतील तर त्यांचे लॉगिन सोबत असू द्या, म्हणजे नोंद कुणाच्या नावावर आहे ते तुमच्यासमोरच बघता येईल. पासवर्ड आम्हाला सांगू नका, तो तुम्ही स्वतःच टाका. दहाहून जास्त नावे असतील तर दुपारी चारनंतर या. तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि एकेक नाव सावकाश बघता येते.