हरवलेला उंट आणि सगळं येणारा हेर

आमच्या वाचनालयात एक काका येतात, मिलमधनं रिटायर झालेले, ऐतिहासिक रहस्यकथा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. परवा त्यांनी शिवकाळातली एक कादंबरी अर्धवट वाचून परत केली. त्यातल्या हेराला मोडी येते, फारसी येते, कानडी येते, वैद्यकी येते, नुसत्या वासावरनं विष ओळखतो, दोन्ही हातांनी पट्टा फिरवतो आणि वय बावीस. काका म्हणाले, "एका माणसाला एवढं सगळं येतंय होय रे?"

प्रश्न बरोबरच आहे. पण हेच काका नातवंडांना हरवलेल्या उंटाची गोष्ट सांगतात आणि त्यात त्यांना कधी शंका येत नाही, उंट न बघता त्याचं सगळं वर्णन सांगणारा माणूस त्यांना एकदम खरा वाटतो. असं का, ह्याचा विचार करत मी त्या गोष्टीचा माग काढत गेलो, आणि मला वाटतं उत्तर त्या गोष्टीतच आहे.

गोष्ट तुम्हाला माहितीच असेल. वाटेनं जाणारे तिघे उंट शोधणाऱ्याला विचारतात, तुझा उंट एका डोळ्याने आंधळा आहे का, एक दात पडलाय का, पायाने लंगडा आहे का, एका बाजूला मध आणि दुसऱ्या बाजूला लोणी लादलंय का. सगळं बरोबर. त्यांनी काय बघितलं होतं, तर गवत रस्त्याच्या एकाच बाजूचं खाल्लेलं, चघळून टाकलेल्या चोथ्यात एका दाताएवढी फट, मातीत तीन पावलं उमटलेली आणि चौथा पाय फरफटलेला, एका अंगाला माश्या आणि दुसऱ्या अंगाला मुंग्या. पण हे सांगायची वेळ येते ती नंतर, त्याच्या आधी त्या तिघांना चोर म्हणून पकडून राजापुढे उभं करतात, कारण न बघता एवढं कळणारच कसं, ह्यांनीच उंट पळवला असणार!

म्हणजे काकांचा जो अविश्वास आहे तो त्या गोष्टीत आधीच आहे. राजा, उंटवाला, सगळेच काकांच्या बाजूने आहेत, आणि हुशार माणसाला आपली हुशारी जीव वाचवायला सिद्ध करावी लागते.

ही गोष्ट अमीर खुसरोने १३०२ मध्ये 'हश्त बिहिश्त' या फारसी काव्यात घेतली, म्हणजे आपल्या दिल्लीत बसून. १५५७ ला ती व्हेनिसमध्ये इटालियनमध्ये छापली गेली, सेरेंदिपच्या म्हणजे श्रीलंकेच्या तीन राजपुत्रांच्या नावाने, आणि त्यावरूनच १७५४ ला होरेस वॉलपोलने 'सेरेंडिपिटी' (न शोधता काही चांगलं हाती लागणं) हा इंग्रजी शब्द काढला. १७४७ ला व्हॉल्तेअरने उंटाच्या जागी राणीची कुत्री आणि राजाचा घोडा घातला, आणि त्याच्या झादिग नावाच्या नायकालाही न बघता वर्णन केलं म्हणून अटक होते, दंड होतो. साडेचारशे वर्षांत जनावर बदललं, देश बदलला, पण आळ काही सुटला नाही.

मग १८४१ ला एडगर ॲलन पोचा गुप्तहेर द्युपँ आला आणि १८८७ ला शेरलॉक होम्स. होम्सच्या मागे एडिंबरोचे डॉक्टर जोसेफ बेल होते, होम्स लिहिणारा डॉयल त्यांच्याकडे शिकलेला. एका पेशंटला बघून बेल म्हणाले तू हायलँड रेजिमेंटमधनं नुकताच सुटलास आणि बार्बाडोसला होतास. कारण माणूस अदबीने वागत होता पण टोपी काढली नाही, पलटणीत काढत नाहीत, बाहेर येऊन बरेच दिवस झाले असते तर काढायची सवय लागली असती, आणि त्याला झालेला हत्तीरोग वेस्ट इंडिजकडचा. यात जादू कुठं आहे, हजारो पेशंट बघितलेल्या माणसाची नजर आहे ती. आणि डॉयलने जुनी युक्ती पण सोडली नाही. पहिल्याच कादंबरीत वॉटसन एक लेख वाचून हा निव्वळ मूर्खपणा आहे म्हणून टेबलावर आपटतो आणि तो लेख नेमका होम्सचा असतो. आपल्या आधी वॉटसनने शंका घेतली की आपण निवांत.

आपल्याकडे ही वाट थोडी वेगळी गेली. कौटिल्याचं अर्थशास्त्र, जे शामाशास्त्रींनी १९०९ ला छापलं, त्यात हेरांचे प्रकार वेगवेगळे आहेत, तापस वेगळा, व्यापारी वेगळा, विष देणारा वेगळा, भिक्षुकी वेगळी, आणि तिघांची खबर जुळली तरच खरं धरायचं. एकाच माणसाला सगळं येतं असं कौटिल्य कुठंच गृहीत धरत नाही. पण कथांमध्ये हिंदी कादंबरीकार देवकीनंदन खत्रींचे ऐयार आले, वेष बदलणारे, बेशुद्ध करणारे, लखलखा हुंगवून शुद्धीवर आणणारे, आणि ते अफाट लोकप्रिय झाले. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हे सगळं वाचून वाढलेल्या आपल्या डोक्यात हेर म्हणजे सर्वगुणसंपन्न असं पक्कं बसलं.

बहिर्जी नाईकांचंच बघा. बखरीत काय येतं, तर १६७९ ला जालन्याच्या स्वारीनंतर मुघल फौजेने गाठलं तेव्हा बहिर्जींनी आडवाटेने काढून महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवलं. वाटा माहिती असणं, एवढीच विद्या! पण केवढी मोठी, रात्रीच्या अंधारात फौजेला डोंगरातनं काढायचं म्हणजे ते पाय त्या मातीत किती वेळा फिरलेले असतील. आता त्यांच्यावर जे लिहितात त्यात ह्या पायांचं काही नसतं, नुसते वेष आणि भाषा. मला याचं खरंच वाईट वाटतं.

ऐतिहासिक रहस्यकथेला अजून एक अडचण असते, तपासाची हत्यारंच नसतात. आर्सेनिक पकडायची मार्शची टेस्ट १८३६ ची, बोटांच्या ठशांचं ब्युरो कलकत्त्यात १८९७ ला झालं. मग लेखक हिरोच्या डोक्यात आजचं ज्ञान भरतो आणि तिथंच फसतो. पण जुन्या काळात कसब नव्हतं असं अजिबात नाही. चीनमध्ये सोंग त्स नावाच्या अधिकाऱ्याने १२४७ ला मृत्यूच्या तपासावर पुस्तक लिहिलं, त्यात विळ्याने झालेला खून आहे. गावातले सगळे विळे उन्हात मांडायला लावले, एकाच विळ्यावर माश्या बसल्या, कारण धुतला तरी रक्ताचा अंश राहिलेला. याला मायक्रोस्कोप लागत नाही, उन्हाळा माहिती पाहिजे.

अगाथा ख्रिस्तीने १९४४ ला प्राचीन इजिप्तमधली रहस्यकथा लिहिली तेव्हा तिने गुप्तहेरच ठेवला नाही, प्रश्नच मिटवला. एलिस पीटर्सचा कॅडफेल १९७७ चा, बाराव्या शतकातला साधू, औषधी वनस्पतींचा जाणकार, पण तो आधी धर्मयुद्धात लढलेला, समुद्रावर फिरलेला आणि आता साठीकडे झुकलेला, त्यामुळे हे कुठं शिकला असं विचारावंच लागत नाही. आणि उम्बेर्तो एकोने १९८० ला १३२७ मधल्या मठाची गोष्ट लिहिली त्यात सुरुवातीलाच तपास करणारा साधू विल्यम न बघितलेल्या घोड्याचं वर्णन करतो. तोच खुसरोचा उंट! पण पुढं (वाचायची असेल तर हे वाक्य सोडा) हाच विल्यम खुन्यापर्यंत पोचतो ते चुकीच्या तर्काने. एवढा हुशार माणूस चुकतो म्हणून तो मला जास्त खरा वाटतो.

मी हे काकांना सांगत होतो तर त्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याची, गोष्ट सांगितली. सोलापूरच्या पूर्वभागातला कापडाचा कारखाना, बारा यंत्रमाग चालू, आवाज इतका की शेजारच्याशी बोलायला कानाशी जावं लागतं. हा दारातच थांबला आणि म्हणाला, "मालक, चौथ्या मागाची धोटापेटी सैल झालीय बघा." धोटापेटी म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा जिथं येऊन थांबतो ती पेटी. बघितली तर खरंच सैल. मालक नवीन होता, त्याला वाटलं यानेच पैशासाठी रात्री सैल करून ठेवली, कामावरून काढायलाच निघाला. मग जॉबरने त्याला मागाजवळ उभं केलं आणि एका बाजूचा धोट्याचा ठोका उशिरा पडतोय ते मोजून दाखवलं. तीस वर्षं तो आवाज ऐकलेला माणूस.

म्हटलं काका, हीच उंटाची गोष्ट झाली की.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक कथा घोळतेय. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात माचणूरजवळ ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती, आणि १७०० ला सांगोल्याकडं खवासपूरला छावणी असताना माण नदीला रात्री पूर आला, माणसं जनावरं वाहून गेली, बादशहाचा गुडघा निखळला तो कायमचा लंगडा झाला. त्या छावणीतला एक उंटवाला, म्हातारा, उंटाच्या पावलावरनं ओझं किती ते सांगणारा, मोडी न येणारा, पोहायला न येणारा. खजिन्याचा एक उंट हरवतो आणि पुराने सगळे माग धुऊन नेलेले.

काकांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि पहिलं काय विचारलं तर, "त्याच्यावर आळ कोण घेतंय?"