विकासाधीन बिल्डची राखण : पार्श्वभूमी

यवतमाळ, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी जुन्या संगणकांवर लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली चालवणाऱ्या शाळा आणि महाविद्यालयांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. प्रणालीची अजून जाहीर न झालेली, विकासाधीन आवृत्ती, म्हणजेच विकासाधीन बिल्ड, यंत्रावर घालावी का, आणि घातली तर ती बिघडल्यावर व तिच्यात सुरक्षेचे भोक निघाल्यावर जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचा गुंता तांत्रिक जितका आहे तितकाच शब्दांचाही आहे, म्हणून या टिपणात शब्दांना थोडी जास्त जागा दिली आहे.

आपल्या भागात विकासाधीन बिल्ड हौसेपोटी आले नाहीत. २००५ ते २०११ या काळात लिनक्सच्या एका लोकप्रिय वितरणाच्या (लिनक्सभोवती बांधून दिलेल्या तयार संचाच्या) सीडी टपालाने फुकट घरपोच मिळत, आणि इंटरनेट नावालाच असलेल्या गावांत लिनक्स पोचले ते बरेचसे त्या पाकिटांतून. त्या सीडी स्थिर आवृत्तीच्या असत. नव्या लॅपटॉपचे वाय-फाय त्यांच्यावर चालतेच असे नव्हते, आणि मराठी जोडाक्षरे नीट उमटावीत यासाठीच्या सुधारणा आधी विकासाधीन बिल्डमध्ये येत, स्थिर आवृत्तीत मागाहून. ज्याला काम आजच करायचे होते त्याने नवे बिल्ड घातले. त्याला बेफिकीर म्हणणे मला कधीच पटलेले नाही.

आता शब्दांकडे वळू. डेबियन या लिनक्स वितरणात ‘स्टेबल’, ‘टेस्टिंग’ आणि ‘अनस्टेबल’ अशा तीन पायऱ्या आहेत. त्यांतली शेवटची कायम ‘सिड’ या नावाने ओळखली जाते, आणि मधली २००० साली आली. ‘अनस्टेबल’ला मराठीत ‘अस्थिर’ म्हटले की अर्थ घसरतो. आपल्याकडे अस्थिर सरकार म्हणजे पडायला आलेले सरकार, आणि अस्थिर प्रकृती म्हणजे काळजीचे कारण. मूळ वापरात या शब्दाचा रोख पडण्यावर नाही, बदलण्यावर आहे. या पायरीवरचा पॅकेजांचा, म्हणजे तयार सॉफ्टवेअर-गठ्ठ्यांचा, संच रोज बदलतो. तो रोज कोसळतो असे नाही. उलट ‘स्टेबल’ म्हणजे दोष नसलेले असेही नव्हे. जाहीर झाल्यावर तिच्यातले वर्तन बदलायचे नाही, मोजक्या दुरुस्त्याच आत घ्यायच्या, एवढेच ते वचन आहे. फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या प्रणालीत तर ‘स्टेबल’ हे नाव एका विकास-शाखेचेच आहे. सर्वांत पुढची शाखा ‘करंट’, तिच्यातून तपासलेले बदल ‘स्टेबल’मध्ये येतात, आणि सामान्य वापरासाठीची आवृत्ती ‘रिलीज’ या तिसऱ्या नावाने निघते. एका प्रणालीतला ‘स्टेबल’ दुसऱ्या प्रणालीत नेऊन लावला की माणूस नकळत विकासाधीन बिल्ड चालवू लागतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, विषम अंकाची मालिका विकासाची आणि सम अंकाची वापराची, असा सोपा संकेत होता. २००३ च्या अखेरीस २.६ आल्यानंतर तोही मागे पडला.

या शब्दांहून जास्त वाद एका निर्णयावर झाला. डेबियनच्या सुरक्षा चमूने आपली अधिकृत हमी स्थिर आवृत्तीपुरती ठेवली. ‘अनस्टेबल’ इतक्या वेगाने सरकते की तिच्यामागे धावायला माणसे नाहीत, अशी त्यामागची भूमिका होती आणि ती प्रामाणिक होती. तिथे सुरक्षेची दुरुस्ती येते ती पॅकेज सांभाळणाऱ्याने नवी आवृत्ती चढवली म्हणून. बहुतेक वेळा लवकर येते, पण तसे वचन कोणी दिलेले नाही. खरी अडचण मधल्या पायरीवर होते. ‘अनस्टेबल’मधले पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये उतरण्यापूर्वी तातडीनुसार दोन ते दहा दिवस थांबते, आणि त्याला लागणारे दुसरे पॅकेज अडकलेले असेल तर आणखी खोळंबते. वाईट बदल या थांब्यात पकडले जावेत हा त्याचा हेतू आहे, पण भोक बुजवणारी दुरुस्तीही त्याच रांगेत उभी राहते. म्हणजे ज्याने ‘फार जुने नको, फार नवे नको’ असा विचार करून मधली वाट धरली, त्याच्याकडे काही वेळा दुरुस्ती सर्वांत शेवटी पोचते. तालुक्याच्या प्रयोगशाळांनी नावावर विश्वासून हीच पायरी निवडल्याचे मी पाहिले आहे. माझ्या मते हमी न देण्याचा निर्णय चुकीचा नव्हता. ती हमी नाही हे मधल्या पायरीच्या नावातून कळत नाही, ही चूक होती.

२००३ च्या नोव्हेंबरात जे घडले त्याने या सगळ्या मांडणीचा कस लागला. त्या महिन्यात एका विकासकाचा चोरलेला पासवर्ड वापरून डेबियनच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली, आणि पुढचे सर्वाधिकार मिळवले गेले ते कर्नलमधल्या स्मृतीविषयक एका चुकीतून. ती चूक सप्टेंबरातच सापडली होती. २.४.२३ च्या पूर्वआवृत्तीत आणि २.६.० च्या चाचणी-आवृत्तीत दुरुस्ती पोचलीही होती, पण हे सुरक्षेचे भोक आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही, म्हणून लोक वापरत असलेले २.४.२२ तसेच उघडे राहिले. त्या दोन महिन्यांत विकासाधीन कर्नल या बाबतीत स्थिर कर्नलपेक्षा सुरक्षित होता. त्याच नोव्हेंबरात कर्नलच्या स्रोताच्या एका दुय्यम प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. तुलनेच्या दुहेरी बरोबर-चिन्हाऐवजी एकेरी, म्हणजे किंमत बदलणारे, चिन्ह घातल्याने कर्नलला घातलेल्या एका विशिष्ट हाकेला सर्वाधिकार मिळणार होते. मुख्य भांडारात त्या बदलाची नोंद नव्हती, एवढ्या विसंगतीवरून तो पकडला गेला.

बिघाड शोधण्याची रीत त्याच सुमारास बदलत होती. २.४ च्या काळात कर्नल अडखळला की पडद्यावर उमटलेले आकडे कागदावर उतरवून घ्यावे लागत, आणि वेगळे साधन चालवून त्यांवरून फलनांची (कर्नलमधल्या कार्यभागांची) नावे काढावी लागत. एक अंक चुकला तर सगळा तपास वाया जाई. २.६ पासून कर्नल स्वतःच नावे दाखवू लागला, आणि मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटोही तक्रारीला पुरू लागला. २००५ साली गिट हे स्रोतातले बदल नोंदवणारे साधन आल्यावर चुकीचा बदल अर्धे-अर्धे करत शोधण्याची पद्धत हाताशी आली. दोन आवृत्त्यांमध्ये बारा हजार बदल असले तरी सुमारे चौदा वेळा कर्नल बांधून पाहिले की नेमका दोषी बदल सापडतो. पण चौदा वेळा बांधणे म्हणजे काय हे विदर्भातल्या खेड्यात वेगळ्या रीतीने मोजावे लागते. जुन्या यंत्रावर एका बांधणीला दोन-तीन तास लागतात, आणि लोडशेडिंगच्या काळात सलग तीन तास लाइन राहील याची खात्री नसे. दोन दिवसांचे काम पंधरवड्यावर जाई. आपल्याकडचा तपास आणखी एका पायरीने लांब असे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, विजेचा दाब सारखा कमी-जास्त होतो, आणि अचानक वीज गेल्याने फाइलप्रणाली जखमी होते. म्हणून बिल्डला दोष देण्यापूर्वी मेमरीची चाचणी, पंख्यातली धूळ आणि इन्व्हर्टर हे तिन्ही तपासावे लागते. ज्यांनी हे केले त्यांच्या तक्रारी विकासकांनी गांभीर्याने घेतल्या; ज्यांनी केले नाही त्यांना ‘यंत्र तपासा’ एवढेच उत्तर मिळाले.

तपास सोपा करणारी सोय मात्र दार किलकिले ठेवते. विकासाधीन बिल्डमध्ये नोंदी सविस्तर असतात, त्यांत स्मृतीचे पत्ते, जोडणीची नावे, नेटवर्क कार्डाचे क्रमांक असतात, आणि तक्रार करताना माणूस त्या जशाच्या तशा चव्हाट्यावर ठेवतो. स्वतः बांधलेल्या कर्नलवर मान्य सही नसते, म्हणून अनेकजण सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला कर्नल सुरू होऊ न देणारी सोय) बंद करतात आणि तपास संपल्यावर ते परत चालू करायचे राहून जाते. नवा कर्नल घरी बांधून त्यावर आपली सही करता येते आणि ती यंत्रात नोंदवताही येते. पण हे करणारे थोडे.

बिल्ड हातात येते कसे, हाही सुरक्षेचाच भाग आहे. आपल्याकडे एकाने जिल्ह्याच्या ठिकाणी उतरवून घ्यायचे आणि पेनड्राइव्हवरून दहा जणांनी घ्यायचे ही रीत आजही आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत एका वितरणाच्या संकेतस्थळात घुसून डाउनलोडचा दुवा छेडछाड केलेल्या प्रतीकडे वळवण्यात आला होता. बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी सील आणि टॅग पाहतो, कारण सुटे बी उगवेपर्यंत त्याचे खरे रूप कळत नाही. पॅकेजावरची सही हा तोच टॅग आहे, आणि पेनड्राइव्हवरून आलेल्या प्रतीची सही पडताळता येते, अट एवढीच की पडताळणीची किल्ली दुसऱ्या मार्गाने मिळवलेली असावी.

विकासाधीन पायरी सुरक्षेचे गाळण म्हणून किती उपयोगी पडते, याची तीन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. २००६ च्या सप्टेंबरात डेबियन ‘अनस्टेबल’मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखन-संग्रहाचा एक बदल शिरला. स्मृती तपासणाऱ्या साधनाचे इशारे शांत करण्यासाठी काढलेल्या ओळींनी यादृच्छिक आकड्यांचा बहुतेक आधारच काढून घेतला, आणि एका प्रकारच्या व लांबीच्या सांकेतिक किल्ल्या फार तर ३२ हजारांच्या आसपास उरल्या. बदल पायऱ्या उतरत २००७ च्या स्थिर आवृत्तीत पोचला आणि २००८ च्या मे महिन्यापर्यंत कोणालाही दिसला नाही. फ्रीबीएसडीच्या ‘करंट’मध्येही २०१४ च्या ऑक्टोबरअखेर असाच यादृच्छिकतेचा दोष शिरला. तो २०१५ च्या फेब्रुवारीत सापडला आणि वापरकर्त्यांना त्या काळात तयार केलेल्या सर्व किल्ल्या नव्याने करायला सांगण्यात आले. दोष विकास-शाखेतच थांबला, पण ज्यांनी त्या बिल्डवर किल्ल्या करून त्या दुसऱ्या सर्व्हरांवर नेल्या, त्यांच्यासाठी शाखेची सीमा निरर्थक होती. प्रयोगाच्या यंत्रावर तयार झालेली किल्ली त्या यंत्राबाहेर जाऊ देऊ नये, हा धडा त्यातून मिळतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तिसरे उदाहरण २०२४ चे आहे, आणि आजची चर्चा त्याच्याशिवाय होत नाही. एक्सझेड या फाइली आकाराने लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवले होते. ते डेबियनच्या ‘अनस्टेबल’ व ‘टेस्टिंग’मध्ये, फेडोरा वितरणाच्या रॉहाइड या विकास-शाखेत आणि आणखी काही वेगाने सरकणाऱ्या वितरणांत पोचले, डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली. ‘सिड’वर कामगिरीच्या चाचण्या करणाऱ्या एका अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याला आधी स्मृती-तपासणीच्या साधनाने दिलेले काही विचित्र इशारेही आठवले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला आणि २९ मार्चला चोरदार जाहीर झाले. ज्या प्रकारचे इशारे २००६ साली शांत करण्यात आले होते, त्याच प्रकारच्या इशाऱ्यांनी १८ वर्षांनी धागा दिला. रानडुकरांच्या भीतीने शेतात जागल करणारा माणूस पाचोळ्याचा आवाज ऐकून उठतो; विकासाधीन बिल्ड रोज वापरणाऱ्याचे कानही तसेच तयार होतात. बिघाड शोधणे आणि सुरक्षा राखणे ही दोन खाती कागदावर वेगळी असली तरी इथे ते एकच काम होते, आणि ज्या पायरीला अधिकृत हमी नव्हती तिच्यावरच ते झाले.

त्यानंतर डेबियनने जुना ५.४.५ परत आणला. आवृत्त्यांचा क्रम मागे जाऊ शकत नसल्याने त्याचे नाव ‘५.६.१ अधिक खरोखर ५.४.५’ अशा अर्थाचे ठेवावे लागले. दुसऱ्या एका मोठ्या वितरणाने आपली बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलून पॅकेजे नव्याने बांधली. एकाच स्रोतातून दोन यंत्रांवर हुबेहूब तेच पॅकेज निघावे यासाठीचे काम डेबियनमध्ये २०१३ पासून सुरू आहे, पण ते या घटनेत पुरे पडले नसते. चोरदाराच्या लपवलेल्या कोडचा एक भाग चाचणीच्या फाइलींच्या रूपाने भांडारात होता, तर त्याला जागे करणारी ओळ गिटमध्ये नव्हती. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या संचात होती. तो संच आणि गिटमधला स्रोत यांची तुलना वेगळी करावी लागते. अशा तुलनेत एरवीही शेकडो ओळींचा फरक निघतो, कारण बांधणीच्या काही फाइली साधनांनी आपोआप तयार केलेल्या असतात. ती ओळ त्याच फाइलींच्या गर्दीत ठेवलेली होती.