टॅप ब्लॉक: सुई पाठीतून पोटाकडे का आली

पोटाचे ऑपरेशन झालेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी खोकायला आणि चालायला सांगतात. टाके दुखतात म्हणून तो दोन्ही टाळतो. मग छातीत कफ साठतो, पायात गुठळी होण्याची भीती वाढते. मॉर्फिनने दुखणे थांबते, पण मळमळते, गुंगी येते आणि आतडी सुस्तावतात. जी आतडी लवकर हलावीत म्हणून सगळी धडपड, तीच औषधाने थांबवायची, हा पेच जुना आहे. त्यावरचा एक उपाय म्हणजे टॅप (ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस प्लेन) ब्लॉक: पोटाच्या भिंतीतल्या स्नायूंच्या मध्ये सुईने औषध सोडून तेवढी भिंत बधिर करायची. तिथवर येण्याआधीची वाट पाठीतून गेली.

1884 मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. 1898 मध्ये आउगुस्ट बीअर यांनी तेच औषध पाठीच्या कण्यात दिले. स्पॅनिश लष्करी सर्जन फिदेल पाजेस यांनी 1921 मध्ये एपिड्युरलची, म्हणजे कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध देण्याची, पद्धत मांडली, पण दोनच वर्षांत ते अपघातात गेले आणि त्यांचा लेख स्पेनबाहेर फारसा कुणी वाचला नाही. पुढे मोठ्या ऑपरेशननंतर वेदनाशमनासाठी एपिड्युरल कॅथेटर (तिथे ठेवलेली बारीक नळी) हाच सर्वोत्तम मार्ग मानला जाऊ लागला.

त्याला धक्का दोन बाजूंनी बसला. 1990 च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी पेशंटला लवकर खायला द्या, लवकर उठवा, असा आग्रह धरला. एपिड्युरल त्यांच्या योजनेतच होते. पण त्याने रक्तदाब उतरतो, कधी पाय जड होतात, अनेकदा लघवीची नळी ठेवावी लागते. शिवाय गुठळी टाळायला हेपॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध देण्याची पद्धत रूढ झाली, आणि रक्त पातळ असताना कण्याजवळ सुई घालणे जोखमीचे.

पोटाच्या भिंतीला संवेदना देणाऱ्या नसा आतल्या दोन स्नायूंच्या मधून पुढे येतात. 2001 मध्ये रफी यांनी कमरेच्या बाजूच्या त्रिकोणातून तिथवर पोहोचण्याची वाट सांगितली; हाच टॅप ब्लॉक. आयर्लंडमधील गॉलवेच्या मॅकडॉनेल यांनी 2007 मध्ये आतड्याच्या ऑपरेशनच्या 32 पेशंटवर ती तपासली: पहिल्या 24 तासांत मॉर्फिन सरासरी 80 मिलिग्रॅमवरून 22 वर आले. तेव्हा सुई अंदाजानेच जायची. स्नायूंचे पडदे भेदताना हाताला दोन हलके झटके लागले की औषध सोडायचे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हेबर्ड यांनी सोनोग्राफी वापरली. पडद्यावर तीन स्नायूंचे पट्टे दिसतात आणि औषध शिरताच खालच्या दोघांच्या मध्ये काळी फट उघडते. अंदाज संपला आणि ब्लॉक जगभर पसरला.

माझ्या मते जरा जास्तच पसरला. टॅप ब्लॉकने भिंत बधिर होते, आतल्या अवयवांचे दुखणे नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जखमाच लहान, त्यामुळे फायदाही बेताचा. म्हणून भूलतज्ज्ञ क्वाड्रेटस लम्बोरम किंवा 2016 मध्ये फोरेरो यांनी मांडलेल्या इरेक्टर स्पायनी ब्लॉककडे वळले; ही नावे पाठीकडच्या स्नायूंची. हे ब्लॉक कण्याच्या जवळ दिले जातात, पण आतले दुखणे त्यांनी हमखास थांबते असे अजून ठामपणे म्हणता येत नाही.

आपल्याकडे हा ब्लॉक अनेकांना सिझेरियनच्या निमित्ताने माहीत होतो. स्पायनलमध्येच (कण्यात दिलेल्या भुलीतच) मॉर्फिन दिलेले असेल तर टॅपने फारशी भर पडत नाही. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे वर्षानुवर्षे किचकट झाले. 2014 च्या दुरुस्तीने नियम सैलावले, तरी तालुक्याच्या ठिकाणच्या लहान दवाखान्यांत ते अनेकदा नसतेच. तिथे सोनोग्राफी मशीन आणि ब्लॉक देणारा हात असेल, तर बाळंतिणीला या ब्लॉकचा खरा उपयोग होतो.