साउथ डकोटातील मार्चमधली फेझंट-शिकार : पार्श्वभूमी

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात रानातल्या फेझंटच्या (कोंबडीच्या कुळातल्या, लांब शेपटीच्या पक्ष्याच्या) शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि ३१ जानेवारीला संपतो. तरीही मार्च महिन्यात, बर्फ विरघळून शेतांच्या कडेचे गवत ओले पडलेले असताना, तेथील खासगी शिकार-राखिवांवर (म्हणजे पाळलेले पक्षी सोडून शिकार करू देणाऱ्या खासगी जमिनींवर) गाईड, कुत्री आणि बंदूकधारी पाहुणे यांच्या तुकड्या दिसतात. परवानाधारक राखिवांना १ सप्टेंबर ते ३१ मार्च अशी मोठी मुदत मिळते. ही सवलत कुठून आली हे समजण्यासाठी वसंतातल्या शिकारीवर आलेली बंदी, परदेशातून आणलेला एक पक्षी आणि त्याच्यामागे धावणाऱ्या कुत्र्यांच्या जाती यांचा इतिहास एकत्र वाचावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वसंतातली शिकार मुळीच निषिद्ध नव्हती. हिवाळा संपवून उत्तरेकडे परतणारे पक्षी थव्यांनी खाली उतरत आणि बाजारासाठी शिकार करणारे लोक त्यांना मारून रेल्वेने शहरांत पाठवत. वीण सुरू होण्याच्या तोंडावर मारलेली प्रत्येक मादी म्हणजे त्या वर्षीच्या पिल्लांचीही हानी, हे सरळ गणित कायद्यात उतरायला फार वेळ लागला. राज्याच्या कायद्याविरुद्ध मारलेले पक्षी दुसऱ्या राज्यात पाठवणे १९०० च्या लेसी कायद्याने गुन्हा ठरले; १९१३ च्या वीक्स-मॅक्लीन कायद्यामुळे स्थलांतरी पक्ष्यांच्या वसंत-शिकारीवर केंद्र सरकारला हात घालता आला; आणि कॅनडाच्या वतीने बोलणाऱ्या ब्रिटनशी १९१६ साली झालेल्या तहाने १० मार्च ते १ सप्टेंबर हा काळ अशा शिकारपक्ष्यांसाठी बंद ठेवला. स्थलांतर न करणारे फेझंट, तित्तरासारखे ग्राउज, लावे या कायद्यांच्या कक्षेत नव्हते, त्यांचे हंगाम राज्ये ठरवत. पण विणीच्या काळात बंदूक बंद हे तत्त्व राज्यांनीही स्वीकारले. वसंतात रानातल्या पक्ष्याची शिकार उरली ती मुख्यतः टर्कीच्या नराची, आणि तिच्यात बहुतेक राज्ये कुत्र्यांना परवानगी देत नाहीत.

फेझंट हा मूळचा आशियातला पक्षी. शांघायमधील अमेरिकी वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१ मध्ये ओरेगॉनला पाठवलेले बहुतेक पक्षी प्रवासातच दगावले. पुढच्या वर्षीची खेप मात्र विलामेट खोऱ्यात अशी रुजली की १८९२ साली तेथे शिकारीचा हंगाम जाहीर करता आला. साउथ डकोटात स्पिंक काउंटीतील रेडफिल्डजवळ १९०८-०९ च्या सुमारास शेतकऱ्यांनी स्वखर्चाने पक्षी आणून सोडले, आणि ३० ऑक्टोबर १९१९ रोजी त्याच काउंटीत पहिली शिकार झाली, तीही फक्त एका दिवसाची. मका आणि गहू, शेतांमधली तणांची पट्टी, पाणथळ जागेतले लव्हाळे हे सगळे या पक्ष्याला मानवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राज्यातल्या अ‍ॅबर्डीन रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या सैनिकांना स्थानिक लोक फेझंटचे सँडविच खाऊ घालत, आणि मूळचा चीनहून आलेला हा पक्षी १९४३ मध्ये राज्याचा अधिकृत पक्षी झाला. तेथील शेतघरांत पाहुणे शिकारी दर शरद ऋतूत मुक्कामाला येत. आजच्या गाईड-व्यवसायाची मुळे या शेतघरांच्या पाहुणचारात आहेत, असे मला वाटते.

कुत्र्यांचा इतिहास बंदुकीपेक्षा जुना आहे. युरोपात तित्तराचा वास लागताच जमिनीला पोट टेकून बसणारी कुत्री जाळी टाकणाऱ्यांच्या उपयोगाची होती, कारण बसलेल्या कुत्र्याच्या पुढे जाळे पसरून सगळा थवाच्या थवा धरता येई. जॉन केयस या इंग्रज वैद्याने १५७० मध्ये कुत्र्यांवर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात असा सेटर वर्णिलेला आहे. उडता पक्षी टिपण्याइतक्या बंदुका सुधारल्यावर कुत्र्याकडून ठाम उभे राहण्याची अपेक्षा केली जाऊ लागली. एडवर्ड लॅव्हरॅक यांनी जोपासलेल्या सेटरच्या वंशातली कुत्री १८७० च्या दशकात अमेरिकेत पोचली आणि १८७४ मध्ये टेनेसीतील मेंफिस येथे तेथील पहिली क्षेत्र-चाचणी (शिकारी कुत्र्यांची रानातली स्पर्धा) झाली. ही कुत्री दक्षिणेतल्या बॉबव्हाइट लाव्यासाठी घडवलेली होती, आणि तो लावा दबून बसतो. फेझंट दबून बसत नाही, पळतो. लावा-कुत्रा थिजून उभा राहावा आणि कोंबडा (फेझंटचा नर) गवतातून शंभर पावले पुढे निघून जावा, असे डकोटात वारंवार घडू लागले. म्हणून तेथे लॅब्राडॉर आणि स्प्रिंगर स्पॅनियल यांना मान मिळाला: ती पक्ष्याला दाबत नेतात, बंदुकीच्या टप्प्यात उठवतात आणि पडलेला पक्षी लव्हाळ्यातून शोधून आणतात.

पाळून सोडलेल्या पक्ष्यांची कल्पना इंग्लंडातली होती. १९३० मध्ये जोसेफ नॅप यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘मोअर गेम बर्ड्स इन अमेरिका’ या संस्थेने तिचा जोरदार पुरस्कार केला. त्याच वर्षी वन्यजीव-तज्ज्ञ अल्डो लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मांडलेल्या अमेरिकी शिकार-धोरणाने मात्र रानातल्या अधिवासावर भर दिला. पक्ष्याची पैदास जितकी कृत्रिम तितके त्याच्या शिकारीचे मोल कमी, असे लिओपोल्ड यांनी १९३३ मध्ये लिहिले. या वादाचा निकाल लागला नाही, व्यवहारात दोन वाटा झाल्या. रानपक्ष्यांच्या हंगामाचे नियम राज्याने कडक ठेवले. ज्या जमीनमालकाने पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी ठरावीक संख्येने सोडायचे, त्याला विणीच्या उंबरठ्यापर्यंत मुभा दिली.

मार्चमधली शिकार ही त्या मुभेची शेवटची कड. सकाळी जमीन गारठलेली असते, वारा मंद असतो आणि ओलीवर वास रेंगाळतो, त्यामुळे कुत्र्याला नाक चालवणे सोपे जाते. दुपारी ऊन चढले की तेच कुत्रे तोंड उघडून धापा टाकते आणि वासाचा माग सुटतो. जाणता गाईड म्हणूनच सकाळचे दोन-तीन तास साधतो, कुत्री बदलतो आणि वाऱ्याच्या तोंडावर चालतो. मक्याच्या उभ्या ठेवलेल्या पट्ट्यात निम्मे लोक आडवी ओळ धरून शिरतात, उरलेले पलीकडच्या टोकाला थांबतात. पक्षी उठला की कोणीतरी ‘रूस्टर!’ (नर) असे ओरडते, आणि मादी असेल तर ‘हेन!’ अशी हाक येऊन बंदुका खाली येतात. रानातल्या हंगामात फक्त नर मारायचे, कारण एक कोंबडा अनेक माद्यांना पुरतो. एप्रिल महिन्यात माद्या घरटी धरू लागतात, त्यामुळे ३१ मार्च ही मुदत निसर्गक्रमाच्या अगदी जवळ येऊन थांबते.

माझ्या मते या व्यवस्थेची खरी परीक्षा पक्षी सोडण्यात होत नाही, गवत राखण्यात होते. सोडलेल्या पक्ष्यांपैकी फारच थोडे पुढच्या विणीपर्यंत तग धरतात. त्यांनी रानातली संख्या वाढत नाही. १९८५ च्या शेतकी कायद्याने नांगरटीखालची जमीन पडीक ठेवून तेथे गवत वाढवणाऱ्या शेतकऱ्यांना भाडे देण्याची योजना आणली आणि साउथ डकोटातले फेझंट भराभर वाढले. पुढे मक्याचे भाव चढले, करार संपले, गवत पुन्हा नांगरले गेले. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल डेनिस डॉगार्ड यांना ह्युरॉन येथे फेझंटच्या अधिवासावर परिषद बोलवावी लागली, इतकी त्या वर्षीची पिल्लांची पाहणी निराशाजनक होती. पिंजऱ्यातून आणलेल्या पक्ष्यांवर राखिवांचा मार्च तेव्हाही ठरल्याप्रमाणे पार पडू शकत होता. काही राखिवांचे मालक पाहुण्यांच्या पैशातून गवताचे पट्टे आणि झुडपी आडोसे राखतात, तेथे रानातल्या माद्याही घरटी करतात. काही जण पट्टी एवढीच ठेवतात की सोडलेला पक्षी दोन तास लपावा. दोघांचाही परवाना एकच आहे, आणि पाहुण्यांना गाईडच्या मागे चालताना हा फरक सहसा कळत नाही.