रिटर्न लाइन गेली आणि काटा वेगळं बोलू लागला

उन्हाळ्यात पोलादपूरच्या उकाड्यात ट्रॅफिकमध्ये रखडलेली, परशुराम घाटाच्या चढावर अचानक पिकअप सोडणारी, नाहीतर अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढून दिवाळीत स्टार्ट केलेली. कोकणात स्पोर्ट्स कारला पेट्रोलचा दाब मोजणारा प्रेशर गेज लावायची वेळ येते ती अशाच गाड्यांमुळे. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) एकीचा काटा 2.4 बारवर थांबतो, दुसरीचा 4 वर, आणि दोन्ही गाड्यांत बिघाड काहीच नसतो, हेही शक्य असतं. हा फरक कुठून आला, त्याची ही पार्श्वभूमी.

कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) काळात दाबाला फारसं कुणी विचारत नसे. कॅमशाफ्टवर चालणारा पंप 0.2-0.3 बार द्यायचा, बाकीचं फ्लोट बघून घ्यायचा. घाटात पेट्रोलची वाफ झाली की पंपावर ओलं फडकं टाकून सावलीत थांबायचं, एवढाच उपाय. 1954 च्या मर्सिडीज 300 एसएलमध्ये मेकॅनिकल डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणं, होतं. इग्निशन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत तो पंप पेट्रोल मारत राही आणि ते ऑइलमध्ये उतरे. 1967 मध्ये इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बाजारात आलं, सुमारे 2 बारचं. 1973 मध्ये पोर्शे 911 मध्ये सतत फवारणारी यांत्रिक पद्धत आली, सुमारे 5 बारची. गाडी बंद झाल्यावर दाब टिकावा म्हणून तिच्यात वेगळा अ‍ॅक्युम्युलेटर होता. तो गळला की गरम इंजिन पुन्हा चालू करताना घाम फुटायचा.

खरी घडी बसली ती 1980 च्या दशकात. टाकीतून पंप, पुढे फिल्टर, मग इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी म्हणजे रेल, रेलच्या टोकाला दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने परत टाकीत. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) व्हॅक्यूमची बारीक नळी. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या पाठीमागचा आणि तोंडाशी असलेला दाब यांतला फरक कायम 3 बार ठेवणं, हे त्या नळीचं काम. आयडलला मॅनिफोल्डमध्ये 0.6 बारची ओढ असते, म्हणून गेज 2.4 दाखवतो. थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडला की 3. टर्बो गाडीत 1 बार बूस्ट (कोंबलेल्या हवेचा जादा दाब) आला की रेलचा दाब 4 व्हायलाच हवा. त्यामुळे आयडलवरचा 2.4 पाहून पंप बदलायला काढणाऱ्याने आधी ती नळी काढून काटा 3 वर चढतो का ते पाहावं. नळी चिरली तर आयडलवरही 3 राहतो, इंजेक्टरमधून सुमारे 9-10 टक्के जास्त पेट्रोल जातं आणि प्लग काळे पडतात.

ही चालती व्यवस्था मोडायचा निर्णय 1990 च्या दशकात झाला, आणि वाद आहे तो त्याचाच. रेलपर्यंत जाऊन आलेलं पेट्रोल इंजिनची उष्णता घेऊन टाकीत परततं, टाकी तापते, वाफा वाढतात. अमेरिकेत टाकीतून निसटणाऱ्या वाफांचे नियम कडक झाले तेव्हा कंपन्यांनी परतीची नळीच काढून टाकली. रेग्युलेटर टाकीत किंवा टाकीजवळ गेला. 1999 च्या कॉर्व्हेटमध्ये तो फिल्टरमध्येच बसवलेला दिसतो, 58 पीएसआय म्हणजे 4 बारला. वाफांचा मुद्दा बरोबर होता, हे मान्यच. पण एक नळी आणि तिचे जोड वाचले, हा हिशोबही त्यात होता आणि त्याची चर्चा कमी झाली.

गमावलं काय? रेलमधलं पेट्रोल आता फिरत नाही. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत ते बॉनेटखाली नुसतं तापत बसतं. वाफ होऊ नये म्हणून दाबच वाढवला गेला. 3 चा साडेतीन-चार झाला त्यामागे हे एक मोठं कारण, ताकद वाढवण्याचा हेतू नव्हे. शिवाय व्हॅक्यूमची नळी गेल्यामुळे रेलचा दाब एकाच आकड्यावर राहतो आणि इंजेक्टरवरचा दाबाचा फरक बदलतो. आयडलला 4.6, पूर्ण थ्रॉटलला 4. प्रवाह या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, म्हणून पेट्रोलमधला फरक सुमारे 7 टक्क्यांचा. तो ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) हिशोबात धरतो. म्हणजे पूर्वी रेग्युलेटरमधली एक स्प्रिंग आणि एक पडदा जे काम करायचे, ते आता ईसीयूमधल्या कोष्टकात आहे, आणि रस्त्याकडेच्या गॅरेजला ते कोष्टक दिसत नाही. दमट उष्ण किनाऱ्यावर, तेही जुन्या ताकदवान गाडीसाठी, रिटर्न लाइनची रचनाच जास्त समंजस होती, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. काही गाड्यांत पुढे ईसीयू पंपाचा वेगच कमी-जास्त करू लागला. तिथे तर आयडलचा एक ठरावीक आकडाही हातात राहिला नाही.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत दोन दाब आहेत. टाकीतल्या पंपाचा साधारण 5 बार आणि इंजिनवरच्या पंपाचा 200 किंवा त्याहून जास्त. इंजिनवरचा दाब पडला म्हणून तिथला महागडा पंप बदलतात आणि दोष टाकीत निघतो.

आपल्याकडे 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. हवा-इंधनाचं तेच मिश्रण राखायला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे 8 टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या स्पोर्ट्स कारचा पंप वरच्या आरपीएमला आधीच काठावर असेल तर ही भर त्याला झेपत नाही. आयडलवर काटा नीट असतो, चौथ्या गिअरमध्ये दाबल्यावर खाली येतो. टाकीतल्या पंपापासून टाकीवरच्या झाकणापर्यंतची जुनी रबरी नळी इथेनॉलने फुगून चिरते. गळती टाकीतच होते, त्यामुळे बाहेर पेट्रोलचा वासही येत नाही. वर इथेनॉल पाणी ओढतं, आणि अर्धी टाकी ठेवून कोकणातला पावसाळा काढायचा म्हणजे त्याला आमंत्रणच.

खाऱ्या हवेचा उल्लेख कुठल्याच सर्व्हिस मॅन्युअलच्या प्रेशरच्या पानावर ठळक दिसत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गाडीत पंपाची अर्थ वायर आणि कनेक्टर हिरवे पडलेले असतात. पंपाला साडेतेराऐवजी 11 व्होल्ट मिळाले की नवा पंपही जुन्यासारखा वागतो. म्हणून मीटर पंपाच्या टर्मिनलवरच लावावा, आणि तोही इंजिनवर भार असताना. टाकी पाव भरलेली असताना आंबोलीच्या लांब वळणात काटा क्षणभर पडत असेल, तर मात्र व्होल्टेज शोधू नये. तिथे पेट्रोल एका बाजूला सरकून पंपाचं तोंड उघडं पडलेलं असतं.